त्यांच्या हातची शीर

"जरा वाकडा हाय, पण जाईल."

मामा हे वाक्य एक डोळा मिटून म्हणायचे. कारवीची काठी डोळ्यासमोर सरळ धरायची, डावा डोळा मिटायचा, उजव्यानं तिच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत जायचं आणि मग निकाल द्यायचा. पण हा निकाल तिरापुरताच राहत नसे. माझ्या थोरल्या बहिणीला बघायला पाहुणे आले, तेव्हा मामा योगायोगानं आमच्या ओट्यावर बसलेले होते. मुलगा हात धुवायला उठला, तसा त्यांचा डावा डोळा सवयीनं मिटला आणि आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, कानाशी त्यांनी तेच वाक्य म्हटलं. बहिणीचं लग्न तिथंच झालं आणि संसारही चांगला झाला. दाजी जरासे वाकडे आहेत, हे मात्र खरं.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. त्याचं घर तुम्ही कधी पाहिलेलं नसतं, त्याच्या नात्यागोत्यातलं कुणी तुम्हाला माहीत नसतं, पण अमुक दिवसांत तो येणार म्हणजे येणार. कडावच्या पुढं भातखाचरं संपतात आणि डोंगराची चढण सुरू होते, तिथं आमचं गाव. गावाच्या खालच्या अंगाला आमची वस्ती. वर डोंगरात ठाकर आदिवासींची वाडी. भात झोडून झालं, पेंढा रचून झाला की तीर बांधणारे मामा त्या वाडीतून उतरायचे. नात्यानं ते आमचे मामा नव्हते, आम्ही पोरं त्यांना तसं म्हणायचो. खांद्यावर कारवीच्या काठ्यांचा भारा, हातात करांद्यांची, म्हणजे रानकंदांची, नाहीतर मधाची पुरचुंडी. पुरचुंडी आमच्यासाठी असायची. त्या बदल्यात त्यांना आबांकडून एकच वस्तू हवी असे, ती म्हणजे शीर.

बैलाच्या पाठीच्या कण्यालगत एक लांब पांढरी शीर असते. ती वाळली की पट्टीसारखी कडक होते, आणि दगडानं ठेचली की तिचे केसासारखे बारीक धागे सुटतात. गावात ढोर मेलं की ओढून नेण्याचं आणि सोलण्याचं काम आमच्या माणसांकडे होतं. काम कसलं, लादलेलं ओझं होतं ते, पण इतक्या पिढ्या लादलेलं की ओझं असल्याचंही कुणाला आठवत नसे. त्यातली शीर आबा मामांसाठी बाजूला काढून कुंपणावर वाळत घालायचे. वर्षभरात तीनचार जमायच्या.

मामा आले की लगेच जात नसत. आमच्याच ओट्यावर बसून दोनचार तीर बांधून मग उठत. आबा समोर बसत. बोलणं फार नसे. मामा विस्तव मागून घेत, काठी निखाऱ्यावर फिरवत, गरम झाली की मांडीवर दाबून सरळ करत. पुन्हा निखारा, पुन्हा मांडी. मग नदीतल्या शिंपल्याच्या धारेनं काठीवरच्या गाठी खरवडायच्या. पुढचं टोक खैराच्या लाकडाचं, शेकून शेकून दगडासारखं केलेलं. पाखरासाठी टोक नसे, लाकडाची बोथट गोटी असे. शेपटीला गिधाडाची पिसं उभी चिरून त्यांच्या तीन पट्ट्या लावायच्या. ही पिसंही आमच्याच ढोरं सोलायच्या माळावर मिळायची. तिन्ही पट्ट्या एकाच बाजूच्या पंखातल्या असल्या पाहिजेत, असा त्यांचा दंडक. मी एकदा विचारलं होतं, डाव्या-उजव्या मिसळल्या तर काय बिघडतं?

"एक म्हनतो इकडं, दुसरा म्हनतो तिकडं," मामा म्हणाले. "तीर बिचारा मधीच पडतो."

शेवटी शिरेचं काम. ठेचून सोडवलेला धागा मामा तोंडात धरायचे. तो ओला होईपर्यंत चघळल्यासारखा करायचे आणि मग पिसाच्या मुळाशी, टोकाच्या खोबणीशी गुंडाळत न्यायचे. गाठ मारायचीच नाही. धागा वाळताना आकसतो आणि काठीला असा घट्ट धरतो की काठी मोडेल, पण तो सुटायचा नाही. हे करताना त्यांच्या ओठांतून पांढरा धागा लोंबत असे आणि त्यामुळे आबांना काही विचारायचं असलं तरी उत्तर हुंकारातच मिळे. आबांना त्याचीही सवय होती.

आता जे सांगणार आहे ते मला लहानपणी दिसत होतं, पण कळत नव्हतं. मामांना तहान लागली की ते उठून ओढ्यावर जात. आमच्या ओट्यापासून ओढा चांगला दूर. ओंजळीनं पाणी पिऊन, तोंड पुसत परत येत. आईनं त्यांना कधी पाणी विचारलं नाही आणि त्यांनी कधी मागितलं नाही. ठाकरांमध्ये आमच्या हातचं पाणी चालत नसे. त्याचं कुणाला वाईट वाटल्याचं मला दिसलं नाही. वारा या बाजूनं वाहतो, ओढा त्या बाजूला आहे, तसंच हेही.

छप्पन सालानंतर आमच्या वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मी तेव्हा फायनल पास होऊन मास्तरकीच्या ऑर्डरीची वाट बघत घरी बसलो होतो. दीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी वस्तीची बैठक बसली आणि ठरलं, की यापुढं मेलेल्या ढोराला हात लावायचा नाही. आबांनी सर्वांत आधी हात वर केला होता. घरी येऊन त्यांनी सुरी, दोर, सगळं एका फडक्यात बांधलं आणि ओढ्याच्या डोहात टाकून आले. गावातल्या मोठ्या शेतकऱ्यांनी बरंच काही ऐकवलं, दोन जणांची मजुरी बंद केली. वस्ती हलली नाही.

आणि मग भात झोडून झालं आणि मामा उतरले.

त्यांना डोंगरात यातलं काही कळलेलं नव्हतं. त्यांनी भारा ओट्याला टेकवला, पुरचुंडी उंबऱ्याशी ठेवली आणि कुंपणाकडे पाहिलं. कुंपण रिकामं होतं.

"मैतर, औंदा काय ठेवलं नाय का?"

आबा म्हणाले, "बस जरा." आणि गप्प झाले. हात वर करणं त्यांना सोपं गेलं होतं, पण या माणसाला नाही म्हणणं जमत नव्हतं. ते गप्प राहिले हे मला सहन झालं नाही. मी वीस वर्षांचा होतो. सभांना जाऊन भाषणं ऐकून आलो होतो आणि माझ्या तोंडात शब्द तयार होते.

मी सांगितलं, की आम्ही ते काम सोडलं आहे, आता इथं मेलेल्या ढोराचं काही मिळणार नाही. मामांना वाटलं, काही भांडण झालं असेल. त्यांनी विचारलं, मग पुन्हा कधी धरणार? मी म्हटलं, कधीच नाही. एवढ्यावर थांबलो असतो तर चाललं असतं.

"मामा," मी म्हणालो, "आमच्या हातची शीर तुम्ही दातात धरता, आणि पाणी प्यायला ओढ्यावर जाता. आता शीर नाही. पाणी प्यायचं असेल तर या."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. एक डोळा मिटून नव्हे, दोन्ही डोळ्यांनी. मग ते उठले, भारा खांद्यावर घेतला आणि चढणीला लागले. पुरचुंडी उंबऱ्याशीच राहिली. आईनं ती उचलली नाही, रात्रभर ती तशीच होती. सकाळी मधाला मुंग्या लागल्या.

आबा मला रागावले नाहीत. तिसऱ्या की चौथ्या दिवशी बैलांना वैरण टाकताना एवढंच म्हणाले, "बोललास ते खरं हाय. पण ते माझ्या तोंडून जायला पायजे होतं."

पुढची दोन वर्षं मामा आले नाहीत.

मला खालापूरकडच्या एका शाळेत नोकरी लागली. शनिवारी सायंकाळी घरी यायचो, सोमवारी पहाटे परत. अशाच एका रविवारी आईनं मला एक हकिकत सांगितली. वाडीतल्या बाया कडावला मोळ्या विकायला येत, त्यांच्याकडून तिला ती कळली होती. गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याचा बैल खाचराच्या कडेला मरून पडला होता. आमच्यापैकी कुणी गेलं नाही. दोन दिवसांनी वास सुटला, तेव्हा त्या शेतकऱ्यानं वाडीवर माणूस पाठवला आणि थेट मामांनाच बोलावून घेतलं. कारण मामांना काय हवं असतं ते गावाला माहीत होतं. तो म्हणाला, बैल ओढून ने, कातडं तुझं, शीर तुझी, आणि यापुढं गावातली सगळी ढोरं वाडीनं न्यायची. वस्तीवाल्यांची मिजास आपोआप उतरेल.

तुम्ही हे नीट ध्यानात घ्या. मामांच्या तिरांवर त्यांच्या वाडीचंच नाही, आसपासच्या तीनचार वाड्यांचं काम चालायचं. ससा, होला, भात खायला येणारी डुकरं, सगळं तिरावर. गेली दोन वर्षं त्यांचे तीर नीट बसत नव्हते. ते नुसत्या दोऱ्यानं बांधून बघत होते आणि पहिल्याच ओल्या गवतात दोरा सैल पडत होता. लोक नावं ठेवू लागले होते. अशा वेळी हवी तेवढी शीर समोर पडलेली होती.

मामा बैलाजवळ गेले, उभे राहिले आणि म्हणाले, "शीर मी त्यांच्या हातची घेतो. ते देत नाय, त मला नको."

एवढं बोलून ते डोंगर चढून गेले. मामा नाही म्हणाले म्हटल्यावर वाडीतलं दुसरं कुणी उतरलं नाही. शेवटी त्या शेतकऱ्याच्या गड्यांनी खाचराच्या बांधालाच खड्डा खणून बैल पुरला. पुढं गावात तीच रीत पडली.

आईनं हे सांगितलं तेव्हा मी जेवत होतो. माझं जेवण तिथंच थांबलं. आम्ही लढलो, आम्ही सोसलं, असं मी शाळेत सहकाऱ्यांना मोठ्या अभिमानानं सांगत असे. त्यात काही खोटं नव्हतं. पण डोंगरावरचा एक माणूस त्या दिवशी उतरला असता आणि त्यानं दोर हातात घेतला असता, तर आमच्या नकाराला गावानं हिंग लावून विचारलं नसतं. आणि त्या माणसाला मी उंबऱ्यावरून काय ऐकवलं होतं?

तिसऱ्या वर्षी मामा आले. तो रविवार होता, हे माझं नशीब. भारा नव्हता, पुरचुंडी नव्हती. हातात एकच तीर होता. त्यांनी तो आबांना न देता माझ्या हातात दिला.

"बघ रं, मास्तर."

मी पाहिलं. काठी तीच, टोक तेच. पिसं रानकोंबड्याची होती, कारण सोलायच्या माळावर आता गिधाडं येत नव्हती. बांधलेला धागा मात्र तांबूस, चकचकीत आणि कडक होता. केवणीच्या झुडपाच्या सालीचा वाक, म्हणजे तंतू, काढून, तो पिळून धागा केला होता. वर फणसाचा चीक आणि रानमाश्यांचं मेण एकत्र कढवून चोपडलं होतं. हे प्रमाण सापडायला दोन पावसाळे गेले होते. आधी बाभळीचा डिंक लावून पाहिला, तो पाण्यानं विरघळला. नुसता चीक लावला, तो उन्हानं वितळला. अंबाडीचा धागा उंदरांनी खाल्ला. हे सगळं मामा आबांना सांगत होते. दोन वर्षांचं साचलेलं होतं आणि तोंडात धागा नव्हता, त्यामुळे ते भरपूर बोलत होते. मामा एवढं बोलू शकतात हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

मग त्यांनी आईला हाक मारून बादलीभर पाणी मागितलं. आई चपापली. पण त्यांनी तो तीर बादलीत उभा बुडवला आणि म्हणाले, आता ऊन कलेपर्यंत राहू दे, मग सुटतो का बघू. आम्ही सगळे त्या बादलीभोवती बसलो. आबांनी चिलीम काढली. गप्पा चालल्या. वाडीत कोण मेलं, कुणाला पोर झालं, गावात कुणी काय केलं. बैलाची गोष्ट मात्र त्यांनी काढली नाही.

मीच विचारलं. तो बैल तुम्ही का नेला नाही? आमच्यासाठी, की तुमच्यातही मेलेल्या ढोराला हात लावत नाहीत म्हणून?

मामांनी थोडा विचार केला. त्यांना खोटं बोलायचं नव्हतं आणि मोठेपणाही घ्यायचा नव्हता.

"थोडं ह्ये, थोडं त्ये," ते म्हणाले.

ऊन कललं. मामांनी तीर बादलीतून काढला, झटकला, पिसाच्या मुळाशी अंगठ्याचं नख लावून जोर केला. धागा तसूभर हलला नाही. त्यांनी तीर माझ्या मांडीवर ठेवला, ओला तसाच. मग आईकडे वळून, जणू त्यातलंच एक काम राहिलं होतं अशा आवाजात म्हणाले, "बाय, तिराला पाणी पाजलंस. आता मला बी दे."

आई आत गेली. आत भांड्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला. ती चांगलं भांडं शोधत असावी. शेवटी तिनं रोजचाच तांब्या घासून आणला. मामांनी तो उंच धरून वरून न पिता थेट तोंडाला लावला आणि पूर्ण रिकामा केला. आबा दुसरीकडे बघत होते. मला भाषणातला एकही शब्द आठवत नव्हता.

तोंड पुसून मामा हळूच म्हणाले, "वाडीत सांगू नका बरं. दंड बसंल."

आई इतकी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला. मामाही हसले. मी मात्र त्या वेळी हसलो नाही. मला ते अर्धवट वाटलं, लपून प्यायलेलं पाणी कसलं, असं वाटलं. आज वाटतं, की ज्या माणसाला दंड भरायची भीती आहे आणि तरी तो पाणी मागतो, त्यानं माझ्यापेक्षा मोठी उडी मारली होती. मी माझ्या माणसांबरोबर उभा होतो. ते एकटे आले होते.

पुढं वीसेक वर्षं ते येत राहिले. आता देण्याघेण्याचं काही उरलं नव्हतं, तरी भात झोडून झालं की उतरत. आबा गेले तेव्हा बाराव्या दिवशी आले, ओट्यावर आबांच्या जागेसमोर नेहमीसारखे बसले आणि दोन तीर बांधून गेले. दरम्यान वाडीतल्या दंडाचं काय झालं कोण जाणे. मामा घोटभर चहाही घेऊ लागले आणि बरोबर आलेल्या नातवालाही पाजू लागले.

मग शिकारीवर बंदी आली. जंगलखात्याचा एक गार्ड वाडीत आला आणि तीरकामठे जमा करा म्हणाला. मामांनी मुकाट्यानं आठ तीर काढून दिले. गार्डानं ते मोठ्या कौतुकानं आपल्या खोलीत भिंतीवर टांगले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवू लागला. मामा मला सांगत होते, की त्यातला एकही झाडाला लागला नसता. टाकून द्यायला काढलेले होते, बरा नेणारा मिळाला. पण हे सांगताना त्यांचा आवाज खाली होता. आता चांगले तीरही कुणी मागायला येत नव्हतं. तरुण पोरं शिळफाट्याला ट्रक भरायच्या कामाला जाऊ लागली होती.

त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. मी त्यांना दवाखान्यात न्यायचं खूप मनावर घेतलं. ते दर वेळी पुढच्या खेपेला म्हणत. पुढं पुढं काठी डोळ्यासमोर न धरता मांडीवर लोळवून बघत. वाकडी काठी लोळताना ठेचकाळते, ती ठेच त्यांना हाताला कळे.

ते श्रावणात गेले. ओढे भरलेले असल्यामुळे वाडीतून कुणी उतरलं नाही आणि मला ते कळायला महिना गेला. भाद्रपदाच्या शेवटी मी वाडीवर गेलो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. त्यांचं घर विचारत विचारत गेलो.

मामी घराबाहेर शेणमाती कालवत होत्या. पावसानं घराची एक बाजू पडली होती आणि त्यांनी तिथं नवा कूड उभा केला होता. मी जवळ गेलो आणि थबकलो. कुडाच्या सगळ्या काठ्या एका जाडीच्या, एका उंचीच्या, गाठी खरवडलेल्या आणि धुरानं काळपट तांबूस झालेल्या होत्या. मामांनी चुलीवरच्या माळ्यावर तीनचार वर्षांच्या तिरांपुरत्या काठ्या धुरी देऊन ठेवल्या होत्या. नजर गेल्यावरही ते नातवाकडून तोडून आणवत आणि हातानं सरळ करत बसत.

"ठेवून काय करू?" मामी म्हणाल्या. "कोन मागनार हाय? थंडीचा वारा लागतो घरात."

मी म्हटलं, बरोबर आहे.

कुडाचा खालचा भाग लिंपून झाला होता. वरच्या काठ्या अजून उघड्या होत्या आणि त्यांच्यामधून घरातला अंधार दिसत होता. मामींचा हात वरपर्यंत पोचत नव्हता. मी चपला काढल्या, पिशवी दगडावर ठेवली, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत वर घेतल्या. मामींनी पाटी माझ्या बाजूला सरकवली.

त्या खालून गोळा देत गेल्या आणि मी वर थापत गेलो. उन्हं डोंगराआड जायच्या सुमाराला भिंत भरली. ओल्या शेणमातीवर आमच्या बोटांच्या रेषा तेवढ्या उमटल्या होत्या. काठी एकही दिसत नव्हती.